झोपलेली बाजू

१

आमचं परस आणि टीचरांचं परस यांच्यामध्ये कमरेइतकी भिंत आहे. तिच्यावर कोपर टेकलं की टीचरांच्या चुलीवर काय शिजतंय ते वासावरून कळतं आणि बैठकीच्या खोलीतला काँप्युटरही दिसतो. तेवीस वर्षं मी त्या भिंतीवर कोपर टेकतेय. "त्रेस्याचेचींच्या कोपराखाली शेवाळ धरत नाही," असं भार्गवेट्टन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. त्रेस्या मी, आणि चेची म्हणजे थोरली बहीण.

भार्गवेट्टन म्हणजे सौदामिनी टीचरांचे यजमान. इरिंजालकुड्याच्या बसस्टँडमागे त्यांचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, देवळाच्या उत्सवाच्या नोटिसा, आमच्या चर्चचं मासिक, सगळं तिथं जुळायचं. मी दहावी नापास. तरी त्यांनी मला की-बोर्डवर बसवलं आणि अकरा वर्षं मी तिथं मल्याळम टाइप केलं. गेल्या कुंभ महिन्यात, म्हणजे फाल्गुनाच्या सुमारास, एका लग्नाहून परतताना त्यांची स्कूटर घसरली. मागे बसलेल्या टीचरांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. भार्गवेट्टन जागीच गेले.

घरच्या काँप्युटरला दोन बाजू आहेत. यंत्र एक, आतली डिस्क एक, पण तिचे दोन भाग केलेले. सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात. पहिली निवडली तर लिनक्स, दुसरी निवडली तर विंडोज. आमच्या केरळात शाळांतून लिनक्स शिकवतात, म्हणून टीचरांची बाजू ती. दुसरी भार्गवेट्टनची, कारण त्यांचे जुने मल्याळम फाँट तिथंच चालायचे. मूळ अख्खी डिस्क त्यांचीच. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी त्यातली अर्धी टीचरांना दिली. "लोक बायकोला साडी घेतात," मी म्हटलं होतं. "साडी विटते," ते म्हणाले.

त्यांच्या बाजूला पासवर्ड होता. तो त्यांच्याबरोबर गेला.

माझा दिवस ठरलेला असतो. माझा नवरा पौली त्याच्या दुकानावर गेला की दहाला मी काहीतरी वाटीत घालून टीचरांकडे जाते. टीचर आता रिटायर झाल्यात. रोज दुपारी तीन ते पाच त्या वाचनालयात बायकांना काँप्युटर शिकवतात. त्या वेळात मी झोपते. हल्ली ही झोप फार जड झालीय. पौली म्हणतो, अंगावर नारळ पडला तरी तू कूस बदलणार नाहीस.

आणि सल्ले द्यायची मला सवय आहे, ते आधीच सांगते. आषाढात मीच टीचरांना म्हटलं, "त्यांची बाजू पुसून टाका. जागा मोकळी होईल. गेलेल्या माणसाचं उगाच साठवून ठेवू नये, जीव अडकतो. माझ्या नणंदेचा सजीश ही कामं करतो, त्याला बोलवते."

सजीश रविवारी येतो म्हणाला.

२

त्या आधीच्या सोमवारी मी फणसाची भाजी घेऊन गेले. टीचर दारातच उभ्या.

"चेची, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचारा की."

"घराची दुसरी किल्ली तुमच्याकडे असते. मी वाचनालयात असते तेव्हा तुम्ही येऊन काँप्युटर लावता का?"

मी वाटी टेबलावर ठेवली. "टीचर, तुमचा फ्रिज मी उघडते, ते कबूल. कपाटही एकदोनदा उघडलंय. पण काँप्युटर लावला असता तर ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवलं असतं का?"

टीचरांनी जरा विचार केला. "नसतं राहवलं," त्या म्हणाल्या, आणि मला आत नेलं.

झालं होतं असं. सजीश सगळं पुसणार, त्याआधी त्यातले फोटो काढून घ्यावेत म्हणून टीचरांनी आपल्या बाजूनं भार्गवेट्टनचा भाग उघडला. पासवर्ड लागत नाही त्याला. एका बाजूनं दुसऱ्या बाजूचं कपाट उघडता येतं. पण पडद्यावर सूचना आली. वाचायला परवानगी आहे, लिहायला नाही. ती बाजू बंद केलेली नाही, झोपलेली आहे.

"बंद आणि झोप यात फरक काय?" मी विचारलं.

"बंद म्हणजे सगळं आवरून शटर ओढणं," टीचर शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. "झोप म्हणजे डोक्यात जे जे चाललंय ते एका फाईलीत लिहून ठेवून डोळे मिटणं. उठलं की तिथूनच पुढं. म्हणून झोपलेल्याच्या घरात दुसऱ्यानं सामान हलवायचं नसतं. तो उठतो तेव्हा त्याला वाटतं, सगळं होतं तिथंच आहे. तो त्याच समजुतीनं हात टाकतो आणि सगळ्याची नासधूस होते."

"मग त्या दिवशी लग्नाला जाताना झोपवून गेले असतील."

"मलाही तेच वाटलं. आता तारीख बघा."

झोपेच्या फाईलीवर तारीख होती आदल्या दिवसाची. रविवार, दुपारी चार बावन्न.

मी आधी खिडक्यांच्या कड्या बघितल्या. सगळ्या आतून लावलेल्या होत्या. मग म्हटलं, घड्याळ चुकलं असेल यंत्राचं. टीचरांनी नुसतं बोट ठेवलं. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ, दोन्हींत दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती.

३

मंगळवारी टीचरांना त्या भागात आणखी एक फाईल सापडली. तिच्यावर सोमवारची तारीख होती, वेळ पुन्हा पावणेपाचच्या पुढची.

"पण खराब झालीय," त्या म्हणाल्या. "नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे आहेत. मधेच टोप्या घातलेले स्वर."

मी चष्मा लावला. खराब कुठली? आमचा जुना फाँट होता तो. त्यात मल्याळम अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराला घातलेला मुखवटा. फाँट नसला की मुखवटा गळतो आणि खालची अक्षरं दिसतात. दुसऱ्याला तो कचरा वाटेल. मी अकरा वर्षं त्या कळा दाबल्यात. माझी बोटं ते वाचतात, डोळ्यांचं काम नाही त्यात.

"ही भार्गवेट्टनची रोजची वही आहे," मी म्हटलं. "दुकानात लिहायचे तीच. आज काय केलं, कोण आलं."

"वाचा."

मी मोठ्यानं वाचायला लागले. "'सोमवार. गळ्याजवळचं हाड पावसाळी हवेत दुखतं. मिनी जाऊन पाच महिने झाले.'"

मिनी म्हणजे सौदामिनी. त्या नावानं त्यांना दुसरं कुणी हाक मारत नाही.

"पुढं."

"'सकाळी त्रेस्याचेचींना हाक मारली तर झोपल्या होत्या. तीनला फणसाची भाजी घेऊन आल्या. पुन्हा तेच म्हणाल्या. टीचरांची बाजू पुसून टाका, जागा मोकळी होईल, गेलेल्या माणसाचं उगाच साठवून ठेवू नये, जीव अडकतो. सजीश रविवारी येतो म्हणाला.'"

फाईल तिथं संपत होती. टीचरांच्या फ्रिजचा आवाज मला एकदम मोठा वाटायला लागला. मग तो थांबला, तेव्हा आणखी वाईट वाटलं.

"कुणीतरी थट्टा करतंय," मी म्हटलं. "हा फाँट येणारी माणसं किती आहेत? भार्गवेट्टनच्या दुकानात टाइप करणाऱ्या दोन पोरी दुबईला गेल्या. राहिलं कोण?"

टीचर माझ्याकडे बघत होत्या. राहिले होते मी.

"चेची, तुम्ही मला 'जीव अडकतो' म्हणालात तेव्हा इथं आणखी कुणी होतं?"

"कुणी नव्हतं."

"आणि त्यांना 'मिनी' म्हणताना तुम्ही कधी ऐकलंय?"

"भिंतीवरून ऐकलंय," मी खरं ते सांगितलं.

४

बुधवारी टीचर वाचनालयात गेल्या नाहीत. तीनच्या आधी त्यांनी काँप्युटरचा प्लग भिंतीतून उपटला, वायरची गुंडाळी मांडीवर घेतली आणि त्याच खोलीतल्या पलंगावर बसल्या. मला म्हणाल्या, तुम्हीही आज जाग्या राहा.

मी राहणारच होते. गादीवर गेलेच नाही. स्वयंपाकघरातल्या लाकडी बाकावर ताठ बसले, हातात जपमाळ घेतली. पहिले दहा मणी ओढल्याचं आठवतंय.

पाच वाजता पौलीनं हलवून उठवलं. जपमाळ जमिनीवर होती आणि माझ्या गालावर बाकाच्या फळीचा वळ.

गुरुवारी सकाळी टीचरांनी दार उघडलं, तेव्हा त्यांचे केस नीट विंचरलेले होते आणि ओठ घट्ट. "यंत्र सुरू झालं नाही," त्या म्हणाल्या. "दिवा लागला नाही. वायर माझ्या हातात होती. फक्त त्यांच्या खुर्चीचा वेत तीन वाजता एकदा करकरला. पुन्हा पाचला. माणूस बसताना आणि उठताना करकरतो तसा."

"वेत हवेनंही करकरतो."

"करकरतो," टीचर म्हणाल्या. "आता ही फाईल वाचा."

बुधवारची नोंद होती. मी वाचली. "'आज खोलीत गारवा आहे. पलंगाकडून येतो.'"

टीचर पलंगाकडे वळल्या नाहीत. त्यांनी फोन उचलला आणि माझ्यासमोर सजीशला रविवारचं नको म्हणून सांगितलं. मग माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"इकडचं मी थांबवलं. तिकडे ते रविवारी माझी बाजू पुसणार. मग एका डिस्कवर फक्त ते उरतील. मी कुठून वाचायचं? ते आहेत हे मला कसं कळायचं? एकदा ते माझ्या डोळ्यांदेखत गेलेत, चेची. दुसऱ्यांदा मी जाऊ देणार नाही. मी तिकडे लिहिणार आहे."

"पाद्रींना विचारू या का एकदा?"

"पाद्रींना लिनक्स येतं?"

माझ्या मनात एक दुसरंच घोळत होतं. तिकडे ते पुसायला सांगणारी बाई कोण, हे आम्ही दोघी बोलत नव्हतो.

५

झोपलेल्या बाजूवर लिहायचं तर आधी तिची झोप काढून टाकावी लागते. म्हणजे ती डोक्यातलं सगळं लिहून ठेवलेली फाईल पुसायची. शाळेच्या ट्रेनिंगमध्ये टीचरांना ती आज्ञा शिकवली होती आणि सांगितलं होतं, शक्यतो वापरू नका.

"त्यानं काय होतं?"

"त्यांचं उघडं असलेलं काम जाईल. उठल्यावर त्यांना वाटेल, यंत्र मधेच बंद पडलं."

"इतकंच ना?"

"यंत्राचं इतकंच होतं," टीचर म्हणाल्या.

त्यांनी एक लांब ओळ टाइप केली. शेवटची कळ दाबायच्या आधी पदराला हात पुसले. कळ दाबली. आतला पंखा फिरत होता तो एकदम हळू झाला, जसं कुणी श्वास धरावा. मग पुन्हा लागला. आता लिहायची परवानगी मिळाली होती.

त्या रोजच्या वहीत, शेवटच्या नोंदीखाली, टीचरांनी स्वच्छ मल्याळममध्ये लिहिलं: मी आहे. माझी बाजू पुसू नका. मिनी.

शुक्रवारी सकाळी ती बाजू पुन्हा झोपलेली होती. म्हणजे मधे केव्हातरी जागी झाली होती. मी नोंद वाचली आणि वाचताना माझा आवाज खाली खाली गेला.

"'गुरुवार. यंत्र आपोआप बंद पडलं होतं, अर्धी पत्रिका गेली. वहीत चौकोनच चौकोन आलेत. सजीश फोनवर म्हणाला, टीचरांच्या बाजूनं व्हायरस शिरतोय. रविवारपर्यंत थांबू नका म्हणाला. शनिवारी चारला येतो.'"

टीचरांनी कपाळावर हात मारला. त्यांनी नव्या पद्धतीच्या अक्षरांत लिहिलं होतं, आज सगळे लिहितात तशा. भार्गवेट्टनच्या जुन्या प्रोग्रामला ती कळत नाहीत. तो प्रत्येक अक्षराच्या जागी रिकामा चौकोन काढतो. हे मला माहीत होतं. टीचर लिहीत असताना मी शेजारी बसून त्यांच्या बांगडीकडे बघत होते, नवी आहे का म्हणून.

"पंधरा वर्षं मुलांना सांगितलं," टीचर म्हणाल्या. "नव्या पद्धतीनं लिहा, जगात कुठंही वाचता येतं."

"जगात कुठंही येत असेल," मी म्हटलं. "उठा, मला बसू द्या."

६

मी भार्गवेट्टनच्या खुर्चीत बसले. वेत ओळखीच्या जागी दबलेला होता, आणि कोमट होता. टीचर आत्ताच उठल्यात म्हणून कोमट आहे, असं मी मनाला सांगितलं. टीचर बाजूच्या स्टुलावर बसल्या होत्या, खुर्चीत नव्हे, हे नंतर आठवलं.

त्यांनी पुन्हा झोप काढून टाकली. मग त्या सांगत गेल्या आणि मी जुन्या कळांवर टाइप करत गेले. पडद्यावर नुसता कचरा उमटत होता, पण बोटांना कळत होतं. चार वाक्यं होती. मी आहे. इकडे तुम्ही गेलात आणि मी राहिले. माझी बाजू पुसलीत तर तुम्हाला मी दिसणार नाही. सजीशला परत पाठवा.

"आता वाचतील ते," मी म्हटलं. मला स्वतःचा अभिमानच वाटला थोडा.

त्या दुपारी मी तीनला झोपले. पाचला जाग आली ती हुंदक्यानं. उशी ओली होती, गाल ओले होते, उचकी लागली होती. पौली दारात उभा. "काय गं? कोण मेलं?" मला काही सांगता येईना. स्वप्न पडल्याचंही आठवत नव्हतं. फक्त आपल्याला कुणीतरी फार लागेलसं बोललंय, असं छातीत होतं.

शनिवारी दहाला नोंद वाचली.

"'शुक्रवार. वहीत मिनीच्या नावानं चार वाक्यं आलीत. पूर्णविरामाच्या आधी प्रत्येक ठिकाणी एक जागा सोडलेली.'"

मी थांबले. टीचर म्हणाल्या, "पुढं."

मला पुढं वाचायची गरज नव्हती. अकरा वर्षं त्यांनी मला त्यावरून चिडवलं होतं. तुमचा पूर्णविराम वाक्याशी भांडून लांब बसतो, म्हणायचे. कितीदा सांगितलं तरी की-बोर्डवर माझा अंगठा ती जागा सोडतोच, हातानं लिहिताना मात्र तसं होत नाही. आमच्या चर्चच्या अख्ख्या मासिकात तसेच पूर्णविराम आहेत.

"'हे त्रेस्याचेचींचं टायपिंग आहे. किल्ली त्यांच्याकडे असते. आजवर त्यांच्या चौकसपणाला हसत आलो, पण गेलेल्या माणसाच्या नावानं असं कुणी करत नाही. तीनला आल्या तेव्हा तोंडावर सांगितलं, पुन्हा या घरात पाऊल टाकू नका. रडत गेल्या. उद्या चारला सजीश येतोय. मीही लवकर संपवून टाकतो हे.'"

मी हात मांडीवर ठेवले. काल माझी उशी कशानं ओली झाली ते मला कळलं होतं, आणि ते कळल्याचं मी टीचरांना सांगू शकत नव्हते.

७

टीचर रडल्या नाहीत. त्यांनी वहीचा कागद फाडला. "मला कळा सांगा. कोणती दाबली की कोणतं अक्षर. सगळ्या सांगा."

"टीचर, ते शिकायला मला चार महिने लागले होते."

"मला एक वाक्य लिहायचंय."

अकरापर्यंत मी कागदावर तक्ता करून दिला. अक्षर, त्याच्यापुढं कळ. टीचर खुर्चीत बसल्या, चष्मा वर सारला आणि माझ्याकडे बघितलं.

"आता तुम्ही स्वयंपाकघरात जा, चेची."

"मी? मी बाजूला बसून अक्षरं तपासते ना."

"तुम्हाला माहीत नसलेलंच लिहायचंय. स्कूटर घसरायच्या आधी ते मला एक बोलले, मी त्यांना एक बोलले. ते तिसऱ्या कुणाला ठाऊक नाही. तुम्ही वाचलंत तर ते ठाऊक असलेली त्रेस्या तिकडेही होईल की काय, मला सांगता येत नाही. म्हणून जा."

तेवीस वर्षांत मला कुणी असं उठवलं नव्हतं. मी गेले. चुलीपाशी उभी राहिले, दाराकडे पाठ केली, आणि चहाचं पाणी ठेवलं. कळ वाजायची. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक. मोजल्या असत्या तर वाक्य किती लांब ते कळलं असतं, म्हणून मी मोजल्याही नाहीत. नळ सोडून ठेवला.

"झालं," टीचरांचा आवाज आला. "यंत्र बंद करतेय."

मी दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन दारात आले. पडदा नुकताच काळा झाला होता आणि काळ्या काचेत खोली दिसत होती. पलंग दिसत होता, कॅलेंडर दिसत होतं. खुर्चीत बसलेल्याचा उघडा खांदा दिसत होता. रुंद खांदा. त्यावर पंचाची घडी, आणि गळ्याच्या खाली हाड वेडंवाकडं जुळल्याचा उंचवटा.

त्याच्या मागे दारात मी होते. हातात ग्लास नव्हते. डोळे मिटलेले होते. उभ्या उभ्या झोपलेल्या माणसाचं तोंड जसं किंचित उघडं असतं, तसं माझं उघडं होतं.

मी मान वळवून खुर्चीकडे बघितलं नाही. "टीचर," मी म्हटलं.

"हं," टीचर खुर्चीतून म्हणाल्या. "चहा सांडतोय तुमचा."

८

त्या दुपारी पाचला जागी झाले ती तोंडात केळ्याच्या भज्यांची चव घेऊन. बोटं तेलकट होती. "पळंपोरी कुठून आणलीस?" मी पौलीला विचारलं. त्यानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

रविवारी चर्चमधली कुर्बानाची प्रार्थना आटोपून आम्ही दोघी यंत्रापुढं बसलो. नोंद लहान होती.

"'शनिवार. मिनी, वाचलं. सजीशला दारातूनच परत पाठवलं. मग त्रेस्याचेचींच्या घरी गेलो, पळंपोरी नेली, माफी मागितली. त्यांनी दोन खाल्ल्या तेव्हा बरं वाटलं. तू लिहिलंस त्याला माझं उत्तर अजून तेच आहे.'"

टीचरांनी पडद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. मी भिंतीकडे बघत बसले.

त्याला आता दोन महिने झाले. रोज दहाला मी जाते. त्यांनी लिहिलेलं मी वाचते, टीचर सांगतात ते मी टाइप करते. पूर्णविरामाआधी जागा सुटते, पण आता त्यांना चालते. टीचर पुन्हा मोगरा माळायला लागल्यात. लोक मला विचारतात, टीचर इतक्या खूश कशा, आणि मी सांगत नाही. ज्या बाईला ओळखता तिनं हे पोटात ठेवलंय, एवढ्यावरूनच काय ते समजा.

दुपारच्या झोपेविषयी मी फार विचार करत नाही. तीन ते पाच माझे नाहीत, एवढं मी मान्य केलंय. यंत्र एक, डिस्क एक. एक बाजू जागी असते तेव्हा दुसरीनं झोपायचं. टीचरांना ती अडचण नाही. तिकडे त्या नाहीतच. आम्हा तिघांत दोन्हीकडे असलेली मी एकटीच.

काल सकाळी नोंद वाचताना मी मधली चार वाक्यं गाळली. टीचरांना कळलं नाही. तक्ता हातात असूनही त्यांना अजून एक ओळ वाचायला अर्धा तास लागतो. गाळलेली वाक्यं अशी होती:

"'त्रेस्याचेचींना रोज सकाळी दहा ते बारा गुंगीसारखी झोप येते. नवरा काळजीत आहे. वैद्य म्हणाले, ही झोप चांगली नाही, मोडायलाच हवी. परवापासून त्या दहा वाजता कडक काळा चहा घेऊन भिंतीपाशी उभ्या राहणार आहेत, बसणार म्हणून नाहीत.'"

त्यातलं परवा म्हणजे आज.

म्हणून हे पहाटे उठून लिहायला घेतलं. टीचरांच्या तक्त्यात राहिलेली जोडाक्षरं भरून दिलीत आणि कागद भिंतीवर दगडाखाली ठेवलाय, म्हणजे मी गेले नाही तरी त्यांचं अडणार नाही. पौलीला सांगितलंय, दहाला दुकानातून फोन कर आणि मी उचलेपर्यंत वाजू दे. घरातल्या सगळ्या खुर्च्या मागच्या पडवीत नेऊन ठेवल्यात. कडक काळा चहा केलाय आणि उभ्यानंच लिहितेय, ओट्यावर कागद ठेवून.

दहाला चार मिनिटं आहेत. मी जागी राहायचं ठरवलंय, आणि मी एकदा ठरवलं की मागं हटत नाही, हे सगळी गल्ली जाणते. पण तिकडेही मीच आहे . तिनंही ठरवलंय .